जनाजा सावकाश नेत नाहीत

निवृत्तीच्या आधीचं माझं शेवटचं पोस्टिंग बर्फात होतं. मी सुभेदार होतो आणि पोस्टची कमांड माझ्याकडे होती. पोस्टचं नाव सांगत नाही. सांगितलं तरी ते कोणाच्या ऐकण्यातलं नाही. मी कल्याण पूर्वेचा. विठ्ठलवाडी स्टेशनच्या अलीकडे आमची चाळ होती, आता तिथेच बिल्डिंगमध्ये राहतो. पंधरा ऑगस्ट आला की सोसायटीवाले बोलावतात आणि म्हणतात, काका, एखादा थरारक किस्सा सांगा, गोळीबाराचा. मी सांगतो. पण नोकरीत मी सगळ्यात वाईट अडकलो तो दिवस गोळीबाराचा नव्हता आणि सीमेवरचाही नव्हता. तो कल्याणमधला होता. भर दिवसा, माझ्या घरापासून रिक्षाने जाण्याच्या अंतरावर. हा किस्सा मी सोसायटीत सांगितलेला नाही.

पोस्टवर ठाणे जिल्ह्यातले आम्ही तिघं होतो. मी, नाईक यासीन मुकादम आणि सिपाही गणेश वेखंडे. यासीन जुन्या कल्याणातला, खाडीकडच्या वस्तीतला. गणेश शहापूरजवळच्या एका गावचा. आम्ही तिघं एका जागी बसलो की बाकीचे म्हणायचे, आले ठाण्याचे, यांना परत तिकडेच भरती करा. ठाण्याच्या वेड्यांच्या इस्पितळाची कीर्ती पार बर्फात पोहोचलेली होती. यासीन स्वतःच्या वाट्याची रम वाटून टाकायचा, त्यामुळे तो सगळ्यांचा लाडका. गणेशला घरची आठवण आली की तो आमच्यावर चिडायचा, आणि त्याला घरची आठवण रोज यायची.

पोस्टचं आयुष्य कंटाळवाणं असतं. बर्फ वितळवून पाणी करायचं, हत्यार साफ करायचं, संत्री ड्यूटी, म्हणजे पहारा, द्यायची. सकाळी उजाडताना आणि संध्याकाळी अंधार पडताना स्टँड-टू. म्हणजे सगळ्यांनी आपापल्या खंदकातल्या मोर्च्यात हत्यारावर उभं राहायचं, कारण हल्ला याच वेळेला होतो. आता रमजानात रोजा सोडायची वेळ बरोबर संध्याकाळच्या स्टँड-टूची. यासीन एलएमजीवर, हलक्या मशीनगनवर. जागा सोडता येत नाही, बोलता येत नाही. पहिल्या दिवशी गणेशने खजुराचा डबा मोर्च्यातून पुढे सरकवला. डबा हातोहात गेला. यासीनने एक घेतला, त्याच्या शेजाऱ्याने एक घेतला, आणि रिकामा डबा माझ्यापर्यंत आला. त्या दिवसापासून तीच पद्धत पडली. ऑर्डर कोणी काढली नव्हती.

पत्र्याची एक खोली होती. दारावर पाटी, सर्व धर्म स्थळ. एका भिंतीला गणपती, शेजारी गुरूंची तसबीर. पश्चिमेची भिंत नमाजसाठी रिकामी ठेवलेली, कोपऱ्यात उंच फळीवर कुराण. शिवरात्रीला गणेशचा उपास, तेव्हा त्याची संत्री ड्यूटी यासीन करायचा. ईदला उलट. हे वाचून कोणाला गहिवरून येत असेल तर येऊ नये. कोणी कोणावर उपकार करत नव्हतं. रोस्टरमध्ये तसं लिहिलेलं होतं. हक्क असा असावा, मागायला न लागणारा. पोस्टवर भांडणं व्हायची ती गरम पाण्यावरून.

रमजान अजून संपला नव्हता तेव्हा खालच्या पोस्टला टेलिफोनची लाइन जोडायला एक पार्टी पाठवली. यासीन पार्टी कमांडर, त्याच्या मागे दोरावर गणेश, मागे आणखी दोघं. हवा स्वच्छ होती. मी वायरलेस सेटवर होतो.

"मुकादम, सिच्युएशन बोला. ओव्हर."

"साहेब, नाला पार करतोय. सगळं ठीक. ओव्हर."

त्यानंतर डोंगरावरून आवाज आला. मोठा आवाज नव्हता, वाळूचा ट्रक रिकामा करतात तसा. मी सेटवर हाक मारत राहिलो. उत्तर आलं नाही. आम्ही खणायला गेलो. मागचे दोघं जिवंत निघाले. यासीन आणि गणेश शेजारी शेजारी सापडले. दोघांच्या कमरेचा दोर तसाच होता. यासीनकडे चाकू होता. दोर कापायला त्याला वेळ मिळाला की नाही, मला माहीत नाही. न पाहिलेल्या गोष्टी मी सांगत नाही. पण त्या दिवशी मी पोरांच्या देखत रडलो, हे मात्र पाहिलेलं आहे.

सीओ साहेबांचा हुकूम आला. "तुम्ही कल्याणचे. मुकादमसोबत तुम्ही जा. वेखंडेसोबत नायब सुभेदार जाधव." बेसवर मौलवीसाहेबांनी यासीनला गुस्ल दिला, म्हणजे शेवटची अंघोळ घातली, कफन घातलं. शवपेटी बंद करताना ते मला म्हणाले, "साहेब, आधीच उशीर झालाय. जमीन लवकर मिळू द्या. त्याचा हक्क आहे तो." मी म्हणालो, माझी जबाबदारी.

दोन्ही पेट्या एकाच विमानाने मुंबईला आल्या. दोन ट्रक फुलांनी सजवून उभे होते. मुंबईच्या युनिटने प्रत्येक ट्रकला खांदा देणारे आठ जवान दिले होते. यासीनचे वडील विमानतळावर आले होते. मुकादम सर. कल्याणच्या एका मराठी शाळेत जन्मभर पीटी शिकवली. पांढरा सदरा, डोक्यावर टोपी, पाठ ताठ. मी सॅल्यूट केला. त्यांनी माझा हात हातात घेतला आणि सोडला. ट्रकमध्ये पुढे बसा म्हटलं तर नको म्हणाले. मागे पेटीशेजारी बसले. मग मीही मागेच बसलो.

राजनोलीपर्यंत दोन्ही ट्रक एकामागोमाग होते. माजिवड्याच्या पुलाखाली ट्रॅफिक थांबवली होती. रिक्षावाले उतरून उभे राहिले. एका बाईने कडेवरच्या मुलाचा हात सलामासाठी त्याच्या कपाळाला लावला. दोन्ही ट्रकना सारखाच सलाम मिळाला. कोणत्या ट्रकमध्ये कोण, हे तिथे कोणाला माहीत नव्हतं. राजनोलीला जाधवांचा ट्रक नाशिकच्या रस्त्याने सरळ शहापूरकडे गेला, आम्ही कोन गावावरून कल्याणकडे वळलो.

कार्यक्रम साधा ठरला होता. पेटी आधी घरी न्यायची, यासीनच्या बायकोने, शबानाने, चेहरा पाहायचा. मग असरच्या, म्हणजे दुपार कलल्यावरच्या, नमाजनंतर लगेच दफन. सूर्य मावळतीला लागला की दफन करत नाहीत, तेव्हा त्याआधी उरकायचं. नाहीतर पेटी पुन्हा ताटकळत ठेवावी लागणार. कब्रस्तान घराजवळच होतं. बिगुलर आणि बंदुकांची सलामी देणारा गार्ड तिथे आधीच पोहोचला होता.

दुर्गाडीचा पूल ओलांडून आत शिरलो आणि चौकाच्या तोंडाशी ट्रक थांबला. समोर स्टेज. अर्ध्या रस्त्यावर मांडव, बाजूला स्पीकरचा टेम्पो, देशभक्तीची गाणी फुल आवाजात. बॅनरवर कोपऱ्यात यासीनचा फोटो, पासपोर्ट साइजचा म्हणावा इतका. मधोमध एका स्थानिक पुढाऱ्याचा, हात जोडलेला. सगळे त्याला भाऊ म्हणत होते. दोन्ही बाजूंना बाइक लावलेल्या, आणि आमच्या मागून गर्दी भरत आलेली. पुढे जाता येईना, मागे येता येईना. पोस्टवर बर्फाने अडकलो तर निदान बर्फाला काही हवं नसतं.

भाऊ ट्रकपाशी आला. तिशी-पस्तिशीचा, पांढरा कडक शर्ट. वाईट बोलणारा माणूस नव्हता.

"साहेब, जय हिंद. दोन मिनिटं पेटी स्टेजसमोर घ्यायची. फुलं वाहतो. मग अब्बा माइकवर येतील, एक घोषणा देतील, बस. पब्लिक केव्हापासून उभी आहे."

मी म्हणालो, "पेटी घरी जाणार. रस्ता मोकळा करा."

"करतो ना साहेब. फक्त अब्बांची घोषणा होऊ द्या."

मुकादम सरांनी हे ऐकलं होतं. त्यांनी मान वर केली नाही. म्हणाले, "मला बोलायचं नाही."

भाऊने मला बाजूला ओढलं. आवाज खाली आणला. "काका, तुम्ही विठ्ठलवाडीचे ना? आपलेच तुम्ही. समजून घ्या. मला काही नाही ओ. पण हे बोलले नाहीत तर लोक वेगळा अर्थ काढतील. मोबाइल चालू आहेत सगळ्यांचे. त्यांच्याच भल्यासाठी सांगतोय."

माझं डोकं फिरलं. मी म्हणालो, "आपले म्हणजे कोण? पेटीत आहे तो माझ्या पोस्टचा आहे. तू कोणाचा?"

हे बोललो ते चुकलंच, कारण आवाज चढला आणि चार मोबाइल माझ्याकडे वळले. बंदोबस्ताचे फौजदार घाम पुसत आले. "साहेब, म्हाताऱ्यांना सांगा ना, एकदा बोलून टाका. दोन शब्द. मामला मिटेल. इथे काही झालं तर आम्हीच लटकणार." त्यांचंही खोटं नव्हतं. सगळेच अडकलेले होते आणि सगळ्यांना सुटका त्या एका म्हाताऱ्याच्या तोंडून हवी होती.

मी मुंबईच्या युनिटच्या मेजर साहेबांना फोन लावला. त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, "साहब, परिस्थिती पाहून निर्णय घ्या. सिव्हिलियनशी वाद नको." फौजेत या वाक्याचा अर्थ, तुमचं तुम्ही बघा. तेवढ्यात सेट वाजला. कब्रस्तानातून गार्डचा हवालदार.

"साहब, गार्ड तयार. असर की जमात हो गई. आप कहाँ हैं? ओव्हर."

"चौकात अडकलोय. थांबा. ओव्हर."

ट्रकच्या पुढे घोषणा सुरू झाल्या. आधी यासीन अमर रहे. मग मुकादम सरांच्या दिशेने, भारत माता की, पुन्हा पुन्हा, आणि प्रत्येक वेळी पुढे जागा सोडून, त्यांनी ती भरावी म्हणून. कोणीतरी ओरडलं, "चाचा, बोलो ना, क्या प्रॉब्लेम है?" सर पेटीवर हात ठेवून बसले होते. पेटीवर तिरंगा होता. त्यांचा हात तिरंग्यावर होता. हे त्या गर्दीत कोणाला दिसत नव्हतं का, असं मला ओरडून विचारावंसं वाटलं. मी विचारलं नाही. युनिफॉर्म होता अंगावर.

मी वाकून त्यांना म्हणालो, "सर, तुमची इच्छा नसेल तर कोणी जबरदस्ती करणार नाही. पण अडचण काय आहे, मला सांगा. मी त्यांना सांगतो."

ते म्हणाले, "घोषणेची अडचण नाही हो साहेब. शाळेत तीस-बत्तीस वर्षं दर झेंडावंदनाला मीच द्यायचो, पोरं मागून म्हणायची. आज हे हिशोब मागतायत. मुलगा दिला. त्याच्यानंतर अजून काय दाखवू?"

मी उभा राहून पुढची गर्दी पाहिली.

ट्रक जाणार नव्हता, पण माणसं जाऊ शकत होती. मी खांदेकऱ्यांना खाली उतरवलं. सरांना हात दिला. पेटी खांद्यावर आली. फौजेत पेटी नेतात ती धीम्या चालीत. एक पाऊल, थांबा, दुसरं पाऊल. मान राखायची ती रीत आहे. मी हुकूम दिला, "धीरे चल."

मुंबईचे जवान एकसारखे चालले. पाहण्यासारखी ड्रिल होती आणि तिथेच घात झाला. पावलं इतकी सावकाश की भाऊचे कार्यकर्ते आरामात पुढे आले, बॅनर घेऊन आडवे चालू लागले. प्रत्येक थांब्याला गर्दी आणखी आवळायची. कोणीतरी माइक लांब वायरसकट आणला आणि सरांच्या तोंडापुढे धरला. सर पेटीच्या बाजूने चालत होते, माइक त्यांच्या दाढीला लागत होता. स्टेज समोर आलं होतं. मी त्यांना ज्यातून सोडवायला निघालो होतो, माझ्याच हुकुमाने त्याच्याच पुढ्यात नेऊन उभं करत होतो.

सरांनी माझ्या बाहीला हात लावला. "साहेब, स्लो मार्च मला कळतो. मीही शिकवलाय. पण आमच्यात जनाजा सावकाश नेत नाहीत."

"म्हणजे?"

"झपाझप नेतात. मयताला थांबवायचं नसतं."

तेवीस वर्षांच्या नोकरीत अंत्ययात्रेची ड्रिल मी कधी मोडली नव्हती. दुसऱ्यांना मोडू दिली नव्हती. एक पाऊल चुकलं म्हणून मी जवानांना ग्राउंडला फेऱ्या मारायला लावल्या आहेत. मी पेटीच्या पुढे गेलो आणि जितका आवाज होता तितक्या आवाजात हुकूम दिला.

"तेज चल!"

खांदेकऱ्यांच्या नाईकाने माझ्याकडे पाहिलं. असा हुकूम त्याने कधी ऐकला नसणार. मी पुन्हा दिला. पेटी वेगाने निघाली. रेंगाळणाऱ्या पेटीपुढे लोक उभे राहतात, फोटो काढतात. अंगावर वेगाने येणाऱ्या पेटीपुढे कोणी उभं राहत नाही, मागे होतं, आपसूक हात जोडतं. बॅनरवाल्यांना बॅनर धरून उलटं पळता येईना, ते बाजूला भिंतीला लागले. माइकची वायर संपली. फौजदार साहेब पुढे धावले आणि काठी आडवी करून वाट करू लागले, जे त्यांनी मघाशीच करायला हवं होतं. स्टेज मागे पडलं. वर भाऊ हातात हार घेऊन उभा होता.

वस्तीच्या गल्लीत शिरलो तशी दोन्ही बाजूंनी माणसं पुढे आली, कलमा म्हणत, खांदा द्यायला. नाईक मला म्हणाला, "साहब, ये लोग बदलना चाहते हैं." ड्रिलमध्ये खांदेकरी बदलत नाहीत. मी म्हणालो, "दे दो. उनका भी है." चार पावलं एकाचा खांदा, चार पावलं दुसऱ्याचा. माझे जवान मध्ये, वस्तीतली माणसं मध्ये, कोण कुठे ते राहिलं नाही. मुकादम सरांनीही खांदा दिला. मीही दिला. पेटी जड होती.

घरापुढे झाकण उघडलं. शबाना पुढे आली. तिने चेहरा पाहिला, ओढणी तोंडात धरली, मग मला विचारलं, "साहेब, त्यांना थंडी फार वाजायची. शेवटी फार वाजली का हो?" मी नाही म्हणालो. मला माहीत नसलेली गोष्ट मी त्या दिवशी सांगितली. सांगितली ते बरं केलं.

ऊन अजून शिल्लक होतं. कब्रस्तानात नमाज मुकादम सरांनी स्वतः पढवली. आम्ही बूट काढून मागे उभे राहिलो. मग माझं काम. गार्डने सलामी दिली, बिगुल वाजला. तिरंगा घडी करून मी सरांच्या हातात दिला. त्यांनी तो छातीशी धरला आणि तसेच उभे राहिले. ते तेव्हाही काही बोलले नाहीत. माती दिली सगळ्यांनी. मीही तीन मुठी दिल्या.

संध्याकाळी माझ्या बिल्डिंगच्या ग्रुपवर व्हिडिओ आला. सरांचा चेहरा, पुढे माइक, ओठ मिटलेले. खाली लिहिलं होतं, शहिदाचा बाप गप्प का? त्यातला 'तेज चल' कापून टाकला होता. तिरंग्यावरचा हातही चौकटीबाहेर होता. शेजारच्या देशपांडेंनी मला दारात थांबवून विचारलं, "तुम्ही होतात ना तिथे? खरंच बोलला नाही तो?" देशपांडे भला माणूस. माझ्या आईच्या आजारपणात रात्ररात्र बसलेला. म्हणून जास्त लागलं.

मी जाधवांना फोन केला. शहापूरचं सगळं नीट पार पडलं होतं. गणेशच्या चितेला धाकट्या भावाने अग्नी दिला. सगळा गाव लोटला होता.

"वडील?" मी विचारलं.

"ते ओसरीवर बसून होते साहेब. सकाळपासून तोंडातून शब्द नाही. आमदार आले, कलेक्टर आले, कोणाशी बोलले नाहीत. लोक म्हणत होते, सोडा, म्हाताऱ्याला त्रास देऊ नका."

मी फोन ठेवला. मला राग आला होता आणि तो कोणावर काढावा हे कळत नव्हतं. पोस्टवर मी शत्रूची दिशा तरी सांगू शकत होतो.

आता मी निवृत्त आहे. वर्षातून दोनदा दोन्ही घरी जातो. शहापूरला गणेशचे वडील चहा देतात आणि भाताच्या पिकाकडे बघत बसतात. कल्याणात मुकादम सर चहा देतात आणि नातवाला कदमताल शिकवताना मला म्हणतात, बघा साहेब, डावा पाय नीट पडतो का. दोघंही मुलाविषयी फार बोलत नाहीत. मीही विचारत नाही.

नाईक यासीन मुकादम आणि सिपाही गणेश वेखंडे माझ्या पोस्टवरून गेले. एकाच दिवशी, एकाच कामावर. मला अजून कोणीतरी गाठतं, लग्नात, बँकेत, स्टेशनच्या पुलावर, आणि हळू आवाजात विचारतं, ते कल्याणचे वडील त्या दिवशी गप्प का होते हो? शहापूरच्या वडिलांबद्दल कोणी कधी विचारलं नाही. मी दर वेळी एकच उत्तर देतो. त्यांचा मुलगा गेला होता.